कुठल्या कायद्याने?

१९६४च्या सप्टेंबरात मुंबईच्या तुरुंगातून महाराष्ट्र सरकारकडे एक अर्ज गेला. अर्जदार होते प्रभाकर पांडुरंग संझगिरी. पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले हे गृहस्थ तेव्हा भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. म्हणजे आरोपपत्र नाही, खटला नाही आणि शिक्षाही नाही. हा माणूस मोकळा राहिला तर देशाचं संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांना बाधा येईल असं सरकारला वाटलं, एवढ्यावर आत. आत बसून त्यांनी सरकारच्याच परवानगीने एक मराठी पुस्तक लिहिलं होतं. त्याचं हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या, एवढीच अर्जातली मागणी होती.

कम्युनिस्ट कार्यकर्त्याने तुरुंगात लिहिलेलं पुस्तक म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं या हस्तलिखितात काहीच नव्हतं. त्याचं नाव होतं ‘अणूच्या अंतरंगात’. विषय होता पदार्थाचे मूलकण आणि क्वांटम सिद्धांत. संप, मोर्चे, गिरणगाव, पक्षातली फूट, सगळं भिंतीपलीकडे चालू असताना हा माणूस कोठडीत बसून मराठी वाचकाला अणूच्या पोटात काय चालतं ते समजावून सांगत होता.

सरकारने सहा महिने विचार केला आणि २७ मार्च १९६५च्या पत्राने नकार कळवला. संझगिरींनी मग आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडे परवानगी मागितली. तीही मिळाली नाही. तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका तपासली. हे दृश्य मनासमोर आणलं की मला मौज वाटते: देशाच्या संरक्षणाला कुठे धक्का पोचतो का, हे शोधत उच्च न्यायालय मूलकणांच्या प्रकरणांवरून नजर फिरवतं आहे. धक्का काही सापडला नाही. पुस्तक विषयाची मांडणी वस्तुनिष्ठपणे करतं, संशोधनाचा आव आणत नाही, लोकांपर्यंत क्वांटम सिद्धांताचं ज्ञान पोचावं म्हणून ते लिहिलेलं आहे, असं न्यायालयाने नोंदवलं आणि हस्तलिखित बाहेर जाऊ द्या म्हणून सांगितलं.

पण या खटल्यातली खरी नवलाची गोष्ट पुस्तकात नाही, सरकारच्या प्रतिज्ञापत्रात आहे. हे पुस्तक घातक आहे असं सरकारने म्हटलंच नव्हतं. सरकारचं म्हणणं निराळं होतं. स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू देण्याचं बंधन आमच्यावर कुठल्याही कायद्याने घातलेलं नाही. स्थानबद्धांना तुरुंगात कसं ठेवायचं, त्यांना काय काय करू द्यायचं, याचा मुंबई राज्याचा १९५१चा एक आदेश होता. त्यात पुस्तक लिहिण्याबद्दल किंवा ते छपाईला पाठवण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. तो आदेश म्हणजे सवलतींची यादी. यादीत जे नाही ते स्थानबद्धाला नाही. माणूस एकदा आत आला की त्याच्यापाशी उरतं ते यादीने दिलेलं तेवढंच.

सरकार हरलं तरी थांबलं नाही. अपील करून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे निकालपत्र लिहिलं न्या. सुब्बा राव यांनी. त्यांनी हा युक्तिवाद त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेऊन दाखवला. यादीत नाही ते स्थानबद्धाला नाही असं मानलं, तर ज्या यादीत जेवण देण्याचं कलम घालायचं राहून गेलं असेल तिच्याखाली स्थानबद्धाला उपाशी मारलं तरी ते कायदेशीरच ठरेल! म्हणून ती यादी सवलतींची समजायची नाही, निर्बंधांची समजायची. जे निर्बंध तिच्यात लिहिलेले आहेत ते स्थानबद्धावर आहेत. जे लिहिलेले नाहीत ते तुरुंगाधीक्षकाला काय, खुद्द राज्य सरकारलाही आपल्या मनाने लादता येत नाहीत. पुस्तक अडवणं हा कायद्याबाहेरचा निर्बंध आहे आणि त्याने संझगिरींच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भंग होतो.

या निकालाची तारीख पाहिली तेव्हा मी ती पुन्हा एकदा पडताळून घेतली. ६ सप्टेंबर १९६५. भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली तो हा दिवस. देश युद्धात, आणीबाणी लागू, आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालय सांगतंय की देशाच्या संरक्षणासाठी तुम्ही आत टाकलेल्या माणसाचं मूलकणांवरचं पुस्तक अडवण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

इथे काय घडलं ते नीट पाहायला हवं, कारण आपल्या मूलभूत हक्कांचं सगळं यंत्र याच सांध्यावर फिरतं. सरकार विचारत होतं, आम्ही परवानगी कुठल्या कायद्याने द्यायची? न्यायालयाने तोच प्रश्न उलटा फिरवला: तुम्ही अडवता ते कुठल्या कायद्याने? दोन्ही वाक्यांत शब्द जवळपास तेच, पण उत्तर देण्याची पाळी बदलली. आपल्याला पहिल्या प्रश्नाची सवय इतकी मुरलेली आहे की दुसरा प्रश्न आपला आहे हे सुचतच नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीशी आपण उभे राहतो ते भाडेकरूसारखे, जणू देश सरकारच्या मालकीची चाळ आहे आणि भिंतीला खिळा ठोकायलासुद्धा मालकाला विचारायला हवं. घटनेच्या तिसऱ्या भागाने मालकीचे कागद आपल्या नावावर केले आहेत आणि खिळ्याला हरकत घेणाऱ्याला कायद्याचं पान उघडून दाखवायला लावलं आहे.

ज्या कलमाने हे होतं ते कलम २१ तर घटनेतल्या सर्वांत छोट्या कलमांपैकी एक. इंग्रजी मजकूर अवघा अठरा शब्दांचा. आशय असा की, कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाही व्यक्तीचा जीव किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही. वाक्य नकारार्थी आहे हे लक्षात घ्या. ‘प्रत्येकाला स्वातंत्र्य देण्यात येत आहे’ असं ते म्हणत नाही. स्वातंत्र्य तर आहेच असं धरून चालतं आणि ते काढून घेणाऱ्याशीच बोलतं. शिवाय ते नागरिकापुरतं नाही, ‘व्यक्ती’साठी आहे. मुंबई विमानतळावर नुकत्याच उतरलेल्या परदेशी प्रवाशालाही ते लागू, आणि आर्थर रोडच्या कैद्यालाही.

पण या अठरा शब्दांत एक मोठी फट होती आणि ती घटना लिहिणाऱ्यांना दिसत होती. कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती, ठीक. पण कायदाच जुलमी असला तर? अमेरिकेच्या घटनेत न्यायालयाला कायद्याचा न्याय्यपणाही तपासू देणारी शब्दयोजना आहे. आपल्या मसुद्यात आधी तशीच होती, मग ती गाळून आताची घातली गेली. १३ डिसेंबर १९४८ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या वादाच्या दोन्ही बाजू मांडल्या. पक्षाच्या बळावर विधिमंडळ वाटेल तो कायदा करील ही भीती खरी आहे. आणि पाच-सहा न्यायाधीशांनी आपल्या मनाच्या कलाप्रमाणे लोकनियुक्त सभेचे कायदे मोडीत काढावेत हेही फारसं सुखाचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी ठाम कौल दिला नाही, निर्णय सभेवर सोडला. सभेने आताचे शब्द ठेवले. पण आंबेडकरांना ते लागून राहिलं असावं, कारण १९४९च्या सप्टेंबरात त्यांनी भरपाई म्हणून आणखी एक कलम आणलं: अटकेचं कारण सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. तेच आजचं कलम २२. आणि त्याच कलमाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही घटनेने जागा दिली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच विनाखटला कैदेची तरतूद! जगातल्या फार थोड्या लोकशाही घटनांमध्ये असं काही सापडेल.

घटना लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा ही फट किती रुंद आहे ते दिसलं. केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रासच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. १९ मे १९५०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितलं की कायदा म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा; तो न्याय्य आहे का, हे कलम २१खाली विचारता येणार नाही. गोपालन आतच राहिले. मात्र न्यायालयाने त्या स्थानबद्धता कायद्याचं एक कलम रद्द केलं: स्थानबद्धतेची कारणं न्यायालयापुढेसुद्धा उघड करणं हा गुन्हा, असं म्हणणारं. ज्याला स्वतःच्या अटकेचं कारण न्यायाधीशाला सांगता येत नाही त्याने दाद मागायची कशी?

म्हणजे १९५०च्या घडीला कलम २१ला एकच प्रश्न विचारता येत होता. कायदा आहे का? चांगला आहे की वाईट, ते पुढचं. मला वाटतं, या एवढ्याशा, जवळजवळ कारकुनी प्रश्नाने पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत जे करून दाखवलं त्याचं पुरेसं कौतुक आपण केलेलं नाही. सगळं श्रेय नंतरच्या भव्य निकालांना जातं.

उत्तर प्रदेशातला खडकसिंग घ्या. दरोड्याच्या प्रकरणात धरला गेला, पुराव्याअभावी सुटला. पण पोलिसांच्या दप्तरी त्याचं नाव चढलं ते चढलंच. घरावर गुपचूप पाळत, कुठे जातो-येतो याच्या नोंदी, आणि रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावणं. चौकीदार नाहीतर शिपाई यायचा, झोपलेल्याला उठवायचा, घरात आहे याची खात्री करून जायचा. १८ डिसेंबर १९६२ला सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनी रात्रीच्या या भेटी बंद केल्या. झोपेतल्या माणसाच्या घरात शिरणं हा त्याच्या व्यक्तिगत स्वातंत्र्यावर घाला आहे, आणि हे कुठल्या कायद्याने करता? पोलिसांच्या हातात कायदा नव्हताच, होती ती खात्याची नियमावली. विधिमंडळाने न केलेली, खात्याने खात्यासाठी छापलेली. तेवढ्यावर कुणाचं दार ठोठावता येत नाही.

बाकीची पाळत मात्र बहुमताने चालू ठेवली. खासगीपणाचा हक्क घटनेत लिहिलेला नाही, असं कारण दिलं. सुब्बा राव यांना ते पटलं नाही. त्यांनी न्या. शहा यांच्यासह वेगळं मत लिहिलं: ज्याच्या प्रत्येक हालचालीवर डोळा आहे तो मोकळ्या रस्त्यावर चालत असला तरी मोकळा नाही. तीन वर्षांनी संझगिरींचं पुस्तक सोडवणारे सुब्बा राव ते हेच. आणि १९६७च्या एप्रिलमध्ये, सरन्यायाधीशपदाच्या अगदी अखेरच्या दिवसांत, त्यांनी पासपोर्टचा प्रश्न असाच सोडवला. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यावसायिकाला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं होतं. परदेशी जाणं हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग. तर मग पासपोर्ट नाकारायचा कायदा कुठे आहे? शोधाशोध केली तर काय, स्वतंत्र भारताला वीस वर्षं होत आली तरी असा कायदाच केलेला नव्हता! पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर चाललं होतं. तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताने सरकार हरलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये संसदेने पासपोर्ट कायदा केला. आपल्या कपाटातल्या निळ्या पुस्तिकेमागे कायद्याचं बळ आहे ते या निकालामुळे. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सुब्बा राव यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. निवडणूक ते हरले. न्यायाधीशाने पदावरून उठून थेट निवडणुकीला उभं राहणं तेव्हाही पुष्कळांना रुचलं नव्हतं, मलाही रुचत नाही. पण तो वेगळा विषय.

आता संझगिरींच्या खटल्यातल्या एका गाठीकडे वळू. ती सोडवताना मी सर्वाधिक थक्क झालो. देशात आणीबाणी होती. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ला ती पुकारली गेली होती. आणीबाणीत कलम १९ आपोआप निद्रिस्त झालेलं; म्हणजे भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या नावाने हे पुस्तक सोडवायची सोयच नव्हती. म्हणून तर ते व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या दाराने बाहेर आणावं लागलं. पण त्या दारावरही राष्ट्रपतींचा आदेश होता: कलम २१खाली न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित. मग संझगिरींचा अर्ज न्यायालयाने ऐकला तरी कसा?

उत्तर त्या आदेशाच्या शेपटीत होतं. ३ नोव्हेंबर १९६२च्या आदेशाला एक अट जोडलेली होती. हक्क स्थगित, पण तो हक्क भारत संरक्षण अध्यादेशाखाली किंवा त्याखालच्या नियमांनी, आदेशांनी हिरावला गेला असेल तरच. म्हणजे न्यायालयाचं दार पुरतं बंद झालेलं नव्हतं. दाराशी येणाऱ्याला आत घेण्यापूर्वी न्यायालय पाहू शकत होतं की याचा हक्क खरोखर त्या कायद्यान्वये गेला आहे, की अधिकाऱ्याने कायद्याचं नाव पुढे करून आपल्या मर्जीने काढून घेतला आहे. मूळचे साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६३मध्ये माखनसिंग खटल्यात ही वाट आखून दिली होती. कायद्याच्या चौकटीतल्या स्थानबद्धतेला या काळात कलम २१चा आधार घेऊन आव्हान देता येणार नाही; दुष्ट हेतूने किंवा कायद्याबाहेर जाऊन केलेल्या स्थानबद्धतेला देता येईल. त्याच वाटेने मूलकणांवरचं पुस्तक आलं. पुस्तक अडवण्याचा अधिकार भारत संरक्षण नियमांनी दिलेला नव्हता, म्हणून राष्ट्रपतींचा आदेश त्याच्या आड आला नाही.

एका ‘तर’ने एवढं केलं. तो ‘तर’ कुणी घातला, मुद्दाम की मसुदा लिहिणाऱ्याच्या नेहमीच्या काटेकोरपणातून, कोण जाणे. तो काढला की काय होतं हे मात्र बारा वर्षांनी देशाने पाहिलं.

२७ जून १९७५. नवी आणीबाणी जाहीर होऊन दोनच दिवस झालेले. राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला: कलम १४, २१ आणि २२खाली न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित. पूर्णविराम. १९६२ची अट यात नव्हती. हजारो माणसं ‘मिसा’ या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत गेली. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही म्हटलं की स्थानबद्धतेचा आदेश कायद्याला धरून आहे का, एवढं आम्ही तपासू शकतो. केंद्र सरकार या निकालांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा तो खटला. पाच न्यायमूर्ती बसले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने निव्वळ वैयक्तिक वैरापोटी माणूस मारला तर काही दाद मागता येईल का? आणीबाणी चालू आहे तोवर न्यायालयात दाद नाही, असं उत्तर आलं. युक्तिवाद तर्काला धरून होता. भयानक गोष्टी पुष्कळदा तर्काला धरूनच असतात.

२८ एप्रिल १९७६ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. चौघांचं म्हणणं, कलम २१ हेच स्वातंत्र्याचं एकमेव घर. त्याला कुलूप लागलं की विचारण्याजोगं काही उरत नाही. खन्ना एकटे उरले. त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येत नाही हे तत्त्व घटनेने जन्माला घातलेलं नाही. ते घटनेच्या आधीपासून आहे, कायद्याचं राज्य म्हणवणाऱ्या कुठल्याही समाजात असतंच. मग कलम निजवल्याने तत्त्व कसं निजेल? पुढच्या जानेवारीत ज्येष्ठता डावलून खन्नांच्या जागी दुसरे सरन्यायाधीश नेमले गेले. खन्नांनी राजीनामा दिला.

याच महिन्यातला आणखी एक निकाल फारसा कुणाला आठवत नाही, तो सांगतो, कारण संझगिरींची गोष्ट त्याशिवाय अपुरी राहील. काही स्थानबद्धांनी तुरुंगातल्या अटींविरुद्ध दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं काही प्रमाणात ऐकलं. सरकार अपिलात गेलं. स्थानबद्धांच्या बाजूने अर्थातच अणूवरच्या पुस्तकाचा दाखला दिला गेला: यादी निर्बंधांची असते, सवलतींची नव्हे, हे या न्यायालयानेच सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो दाखला बाजूला सारला. कारण? तेव्हाचा राष्ट्रपतींचा आदेश अटीचा होता, आताचा बिनअटीचा आहे. प्रश्न तसाच, नियम तसेच. फरक एका अटीचा.

आणीबाणी गेली आणि मग पारडं झपाट्याने फिरलं. मेनका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला होता, कारण न सांगता. आता पासपोर्ट कायदा अस्तित्वात होता, त्यामुळे सरकार कायद्याचं पान उघडून दाखवू शकत होतं. २५ जानेवारी १९७८ला न्यायालयाने म्हटलं, कायदा दाखवलात, पण त्यातली कार्यपद्धती न्याय्य, वाजवी आणि मनमानी नसलेली हवी. ज्याचं काढून घेता त्याचं म्हणणं तरी ऐका. १९४८मध्ये संविधान सभेने जे दार लावून घेतलं होतं ते इथे, तीस वर्षांनी, न्यायालयाने आपल्या बाजूने उघडलं. प्रमुख निकालपत्र न्या. भगवती यांचं, दोनच वर्षांपूर्वी जबलपूर खटल्यातल्या चौघांपैकी ते एक होते. आडवी येणारी ही माहिती मुद्दाम सांगितली. न्यायाधीशांच्या कर्तृत्वाचे पोवाडे गाताना ती विसरली जाते.

संसदेनेही आपलं काम केलं. ४४व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीत बाकीचे मूलभूत हक्क स्थगित करता येतील, पण कलम २० आणि २१ नाही. आता कुठल्याही राष्ट्रपतींच्या आदेशात ती अट असो वा नसो, जीव आणि स्वातंत्र्याबद्दलचा प्रश्न विचारता येतोच. खन्ना एकटे जे म्हणत होते त्यातला मोठा भाग घटनेच्या मजकुरातच जाऊन बसला. आणि २४ ऑगस्ट २०१७ला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ठरवताना नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल स्पष्टपणे रद्द केला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. रद्द झालेल्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. खडकसिंग खटल्यात सुब्बा रावांनी पंचावन्न वर्षांपूर्वी जे अल्पमत नोंदवलं होतं ते याच दिवशी बहुमताचं झालं.

इथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. म्हणून ४४व्या दुरुस्तीचं अर्धवट राहिलेलं काम सांगायला हवं. कलम २२प्रमाणे एखाद्याला विनाखटला तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार लागतो. ज्यांनी स्वतः आणीबाणीत तुरुंग पाहिला होता अशा पुष्कळांच्या संसदेने १९७८मध्ये हा काळ दोन महिन्यांवर आणला आणि मंडळ कसं नेमायचं याचे नियम कडक केले: ते उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, अध्यक्ष पदावरचे न्यायमूर्ती असायचे. विधेयक मंजूर झालं, राष्ट्रपतींची सही झाली. पण दुरुस्तीची कलमं कधीपासून लागू करायची ते केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायचं, असं तिच्यातच लिहिलं होतं. बहुतेक कलमं १९७९मध्ये लागू झाली. एवढं एक राहिलं.

धनबादचे खासदार ए. के. रॉय राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली स्थानबद्ध झाले तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. संसदेने केलेली घटनादुरुस्ती सरकार नुसती तारीख न देऊन किती दिवस अडवू शकतं? १९८१च्या डिसेंबरात बहुमताने सांगितलं की सरकारने ती लवकर लागू करावी अशी अपेक्षा आहे, पण तारीख द्या असा हुकूम आम्ही काढू शकत नाही. पाचांपैकी दोघांना हे मान्य नव्हतं. त्यानंतर सर्व रंगांची सरकारं येऊन गेली. जनता पक्षाच्या काळात केलेली दुरुस्ती जनता पक्षानेही लागू केली नव्हती, तेव्हा एकाच पक्षाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. संविधानाची सरकारी प्रत काढून कलम २२ पाहा. वर मूळ मजकुरात ‘तीन महिने’ आहे, आणि दोन महिन्यांची दुरुस्ती खाली बारीक टाइपात, लागू झाल्याची तारीख न पडलेली तळटीप म्हणून छापलेली आहे.